फोनमधल्या लपलेल्या सेटिंग्ज वाचणारे सहायक ॲप अडले तर: कारण शोधण्याची सविस्तर रीत

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या पडद्यावर जेवढे पर्याय दिसतात, त्यांच्या कितीतरी पट नोंदी आतल्या साठ्यात असतात. बॅटरी सेव्हर सुरू आहे की बंद, व्यत्यय नको हा पर्याय कोणत्या पातळीवर आहे, पडदा किती वेळाने विझतो, कोणत्या ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू आहेत, अशी सगळी माहिती तिथे नावासह आणि मूल्यासह लिहिलेली असते. टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइड यांसारखी स्वयंचलनाची ॲप वापरणाऱ्यांना याच नोंदी हव्या असतात: एखादी नोंद बदलली की पुढचे काम आपोआप व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. पण मुख्य ॲप प्ले स्टोअरवर ठेवायचे असेल तर ते अलीकडच्या अँड्रॉइड आवृत्तीला लक्ष्य करून (म्हणजे तिचे नियम स्वीकारून) बांधावे लागते, अशी सक्ती गूगलने २०१८ पासून केली आहे, आणि नव्या आवृत्तीला लक्ष्य केले की जुन्या काही मुभा जातात. म्हणून अशा ॲपचे विकासक एक छोटे सहायक ॲप वेगळे देतात. ते मुद्दाम जुन्या आवृत्तीला लक्ष्य करून बांधलेले असते, प्ले स्टोअरबाहेरून घ्यावे लागते, आणि मुख्य ॲपला जे करता येत नाही ते त्याच्या वतीने करते.

दोन ॲप, त्यांच्यातला दुवा, अँड्रॉइडचे नियम आणि फोन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे निर्बंध अशा चार ठिकाणी ही व्यवस्था अडू शकते. वापरणाऱ्याला मात्र एकच लक्षण दिसते, ते म्हणजे “चालत नाही”. अशा वेळी बहुतेक जण ॲप काढून पुन्हा टाकतात. माझ्या मते ही सर्वांत वाईट सुरुवात आहे, कारण पुन्हा टाकल्यावर आधी दिलेली परवानगी जाते आणि एका बिघाडाचे दोन होतात. आधी फोनलाच विचारावे की नोंदीचे खरे मूल्य काय आहे, मग ॲपला काय दिसते ते पाहावे, आणि या दोन उत्तरांत फरक कुठे पडतो ते शोधावे. पुढची सगळी पद्धत या एका तत्त्वावर उभी आहे.

साठा कसा आहे

नोंदी तीन तक्त्यांत विभागलेल्या असतात: सिस्टिम, सिक्युअर आणि ग्लोबल. अँड्रॉइड ५ पर्यंत हे तक्ते एका एसक्यूलाइट फाइलमध्ये होते. अँड्रॉइड ६ पासून ते प्रत्येकी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये गेले. कोणत्याही ॲपला या फाइली थेट उघडता येत नाहीत. सेटिंग्ज प्रोव्हायडर नावाचा प्रणालीचा घटक मधे असतो आणि मागणी त्याच्यामार्फतच जाते. पडद्याची प्रखरता, पडदा फिरणे, पडदा विझण्याची वेळ या रोजच्या गोष्टी सिस्टिम तक्त्यात आहेत. लोकेशन, कीबोर्ड, ॲक्सेसिबिलिटी सेवा सिक्युअरमध्ये आहेत. विमान मोड, वायफाय, बॅटरी सेव्हर, यूएसबी डीबगिंग ग्लोबलमध्ये आहेत. सिस्टिम आणि सिक्युअर हे तक्ते फोनवरच्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळे असतात, तर ग्लोबल सर्वांना मिळून एकच असतो. ही शेवटची बाब पुढे एका ठिकाणी कामाला येणार आहे.

तपासणीची तयारी

संगणकावर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स हे मोफत पॅकेज उतरवून घ्यावे; त्यात एडीबी हे संगणकावरून फोनला आज्ञा देणारे साधन असते. फोनमध्ये ‘फोनविषयी’ या विभागात बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात, आणि तिथे यूएसबी डीबगिंग सुरू करता येते. केबल जोडल्यावर फोनवर परवानगीची चौकट येते ती मान्य करावी. या लेखातील आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. संगणकाच्या कमांड विंडोत त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टंकाव्यात, आणि जिथे अधोरेखा दिसते तिथे अधोरेखाच द्यावी.

“एडीबी डिव्हायसेस” ही आज्ञा दिल्यावर फोनचा अनुक्रमांक आणि त्यापुढे “डिव्हाइस” हा शब्द दिसायला हवा. “अनऑथोराइज्ड” दिसले तर फोनवरची चौकट मान्य झालेली नाही. काहीच दिसले नाही तर बऱ्याचदा दोष केबलचा असतो, कारण फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमधून माहिती जात नाही. सॅमसंगच्या वन यूआय ६ पासून आलेला ऑटो ब्लॉकर सुरू असेल तर तो यूएसबीमार्गे येणाऱ्या आज्ञाही अडवतो आणि अधिकृत दुकानाबाहेरची ॲपही टाकू देत नाही. काम होईपर्यंत तो बंद ठेवावा आणि नंतर आठवणीने सुरू करावा.

पहिली कसोटी: फोन स्वतः काय सांगतो

समजा तुमचे ॲप बॅटरी सेव्हरवर लक्ष ठेवते आणि ते प्रतिसाद देत नाही. “एडीबी शेल सेटिंग्ज गेट ग्लोबल लो_पॉवर” ही आज्ञा द्या. उत्तर ० किंवा १ येईल. आता फोनवर बॅटरी सेव्हर हाताने सुरू करा आणि तीच आज्ञा पुन्हा द्या. (केबल जोडलेली असताना फोन चार्ज होत असतो आणि तेवढ्यामुळे बॅटरी सेव्हर सुरू होत नाही. अशा वेळी एडीबी वायफायवरून जोडावे; अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग डेव्हलपर पर्यायांतच मिळते.) आकडा बदलला तर फोनची बाजू ठीक आहे आणि दोष ॲपच्या बाजूला शोधायचा. आकडा बदललाच नाही, तर तुम्ही चुकीच्या नोंदीवर लक्ष ठेवून बसला आहात आणि ॲपमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होणार नाही.

उत्तर “नल” आले तर गोंधळून जाऊ नये. त्या तक्त्यात त्या नावाची नोंद आज अस्तित्वात नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. याची तीन कारणे असू शकतात. नावात टंकदोष असतो. तक्ता चुकलेला असतो, म्हणजे नोंद सिक्युअरमध्ये असते आणि आपण ग्लोबलमध्ये विचारतो. किंवा तो पर्याय या फोनवर आजवर कोणी बदललेलाच नसतो. तिसरे कारण सहज लक्षात येत नाही. कित्येक नोंदी पहिल्यांदा पर्याय बदलेपर्यंत लिहिल्याच जात नाहीत आणि प्रणाली मनातले मूळ मूल्य धरून चालते. ॲप मात्र रिकामे उत्तर मिळाल्यामुळे काहीच करत नाही. पर्याय एकदा हाताने सुरू करून बंद केला की नोंद तयार होते आणि ॲप चालू लागते.

नोंदीचे नावच ठाऊक नसेल तर ते शोधायची खात्रीची पद्धत अशी. “एडीबी शेल सेटिंग्ज लिस्ट ग्लोबल” याचे उत्तर एका फाइलमध्ये साठवा. तसेच सिक्युअर आणि सिस्टिमचे. फोनवर हवा तो पर्याय एकदाच बदला, मधे दुसरे काही करू नका, आणि तिन्ही याद्या पुन्हा नव्या फाइलींत साठवा. जुनी आणि नवी यादी कोणत्याही तुलना साधनात शेजारी ठेवली की बदललेल्या ओळी समोर येतात. त्यांतल्या एकदोन ओळी वेळेशी किंवा बॅटरीशी संबंधित असतात, त्या सोडून द्याव्यात. हाच प्रयोग उलट दिशेने करून, म्हणजे पर्याय पूर्ववत करून, तीच ओळ परत बदलते का ते पाहिले की शंका उरत नाही. तिन्ही याद्यांत काहीच बदलले नाही तर तो पर्याय या साठ्यात नाहीच: कंपनीने तो स्वतःच्या ॲपच्या खासगी साठ्यात ठेवलेला असतो, आणि सेटिंग्ज वाचणाऱ्या कोणत्याही ॲपला तो दिसणार नाही. तिथे हा मार्ग सोडून देणेच शहाणपणाचे.

मूल्याचे रूपही तपासून घ्यावे. साठ्यात सगळी मूल्ये मजकूर म्हणून असतात. पडद्याच्या रिफ्रेश रेटची नोंद “६०.०” अशी असेल आणि ॲपमधली अट “६०” अशी असेल, तर मजकुराची तुलना कधीच जुळणार नाही. वायफायच्या नोंदीत केवळ ० आणि १ नसतात: विमान मोडमध्ये असताना वापरणाऱ्याने वायफाय सुरू केले तर २ येते, आणि विमान मोडमुळे ते बंद झाले असेल तर ३ येते. व्यत्यय नको या पर्यायाची नोंद, झेन_मोड, ० ते ३ अशी चालते. १ म्हणजे फक्त महत्त्वाच्यांना वाट, २ म्हणजे पूर्ण शांतता, ३ म्हणजे फक्त गजर. झेन_मोडसाठी “१ असेल तर” या अटीऐवजी “० नसेल तर” ही अट लिहिली की अशी तक्रार मिटते; वायफायसाठी ती चालणार नाही, कारण तिथे ३ म्हणजेही बंदच. प्रखरतेबाबत एक सावधगिरी आहे: स्वयंचलित प्रखरता सुरू असताना नोंदीतला आकडा पडद्याच्या प्रत्यक्ष उजेडाशी जुळेलच असे नाही, म्हणून त्या आकड्यावर कोणतेही महत्त्वाचे काम अवलंबून ठेवू नये.

फोन सांगतो, ॲपला दिसत नाही

इथे मामला अँड्रॉइडच्या निर्बंधांचा असतो, आणि या भागावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अँड्रॉइड १२ पासून अंतर्गत वापरासाठी राखलेल्या नोंदी सामान्य ॲपना वाचता येत नाहीत, जोपर्यंत प्रणालीने त्या वाचनासाठी खुल्या म्हणून खूण केलेल्या नाहीत. शिवाय काही खुल्या नोंदींवर आणखी एक मर्यादा आहे: ॲपने लक्ष्य केलेली आवृत्ती ठरावीक आकड्याच्या वर असेल तर त्या नोंदीही मिळत नाहीत.

तुमच्या नोंदीवर यांपैकी कोणता निर्बंध आहे हे अंदाजाने ठरवू नका. फोनची कार्यनोंद (लॉग) ते स्वच्छ सांगते. संगणकावर “एडीबी लॉगकॅट” सुरू ठेवा, ॲपमध्ये ती नोंद वाचण्याचा प्रयत्न करा, आणि येणाऱ्या मजकुरात “सेटिंग्ज की” हे शब्द शोधा. तिथे सिक्युरिटी एक्सेप्शन या नावाखाली दोनपैकी एक संदेश असेल. एका संदेशात ही नोंद अमुक आकड्याइतक्या किंवा त्याहून कमी टार्गेट एसडीकेच्या (ॲपने लक्ष्य केलेल्या आवृत्तीच्या क्रमांकाच्या) ॲपनाच वाचता येते असे म्हटलेले असते. दुसऱ्यात ही नोंद वाचता येत नाही, ती प्रणालीच्या ॲपपुरतीच आहे, असे असते.

पहिला संदेश मुख्य ॲपच्या नावाने दिसत असेल तर सहायक ॲप नेमके यासाठीच आहे. ते टाकलेले नाही, किंवा टाकले असूनही मुख्य ॲप त्याच्यामार्फत न जाता स्वतःच वाचायला जात आहे. मुख्य ॲपच्या त्या कृतीत सहायक ॲप वापरण्याचा पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे. हाच संदेश सहायक ॲपच्या नावाने आला तर त्याची टाकलेली प्रत संदेशातल्या आकड्याहून नव्या आवृत्तीला लक्ष्य करणारी आहे. “एडीबी शेल डंपसिस पॅकेज” या आज्ञेपुढे पॅकेजचे नाव (ॲपची अँड्रॉइडमधली अंतर्गत ओळख) दिले की टार्गेट एसडीकेचा आकडा उत्तरात दिसतो. तो पाहून विकासकाच्या पानावरची योग्य प्रत घ्यावी.

दुसरा संदेश आला तर जुन्या आवृत्तीचे सहायक ॲपही कामाचे नाही, कारण हा निर्बंध ॲपचे लक्ष्य पाहत नाही. अशा वेळी नोंद वाचायचा मार्ग एडीबीच्या शेलमधूनच (फोनवर आज्ञा चालवणाऱ्या भागातूनच) जातो. रूट न केलेल्या, म्हणजे प्रणालीचे पूर्ण अधिकार न मिळवलेल्या, फोनवर शिझुकू हे ॲप वायरलेस डीबगिंगच्या आधारे शेलचे अधिकार इतर ॲपना उपलब्ध करून देते, आणि तुमचे मुख्य ॲप त्याला ओळखत असेल तर “सेटिंग्ज गेट” ही आज्ञा तिथून चालवता येते. मर्यादा एवढीच की रूट नसलेला फोन बंद करून सुरू केला की शिझुकूची सेवा सहसा पुन्हा सुरू करावी लागते.

राइट सिक्युअर सेटिंग्ज ही परवानगी दिली की वाचनाचे सगळे अडथळे दूर होतात, असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. ती परवानगी लिहिण्यासाठी आहे. वर सांगितलेल्या वाचनबंदीवर तिचा परिणाम होत नाही. केवळ लक्ष ठेवायचे असेल तर ती देऊच नये.

सहायक ॲप फोनमध्ये जातच नाही

अँड्रॉइड १४ ने टार्गेट एसडीके २३ पेक्षा कमी असलेली ॲप टाकण्यास मनाई केली, आणि अँड्रॉइड १५ ने ही रेषा २४ वर नेली. सेटिंग्जमध्ये लिहिण्याची जुनी मुभा २२ या आकड्यापर्यंतच होती, म्हणून अनेक सहायक ॲप २२ वर बांधलेली असतात आणि या नियमात बरोबर अडकतात. फोनवर एपीके (ॲपची फाइल) उघडली की केवळ हे ॲप सुसंगत नाही अशा अर्थाचा संदेश येतो. एडीबीने टाकू पाहिले तर “इन्स्टॉल फेल्ड डेप्रिकेटेड एसडीके व्हर्जन” असा स्पष्ट शेरा मिळतो. उपाय अँड्रॉइडनेच ठेवलेला आहे: “एडीबी इन्स्टॉल” यानंतर दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून “बायपास-लो-टार्गेट-एसडीके-ब्लॉक”, आणि मग एपीके फाइलचे नाव. फोन जुन्या अँड्रॉइडवरून १४ वर आणला असेल तर आधीपासून असलेले सहायक ॲप तसेच राहते. म्हणूनच ते विचार न करता काढून टाकू नये.

भारतात आणखी एक अडथळा आहे, आणि तो योग्य कारणासाठी आहे. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेले एखादे ॲप एसएमएस मिळवणे, एसएमएस वाचणे, नोटिफिकेशन ऐकणे किंवा ॲक्सेसिबिलिटी यांपैकी अधिकार मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट ही गूगलची सुरक्षा तपासणी ते आपोआप रोखते, अशी योजना गूगलने २०२४ मध्ये आधी सिंगापूरमध्ये राबवून मग भारतातही जाहीर केली. ओटीपी चोरणारी बनावट ॲप याच चार अधिकारांवर जगतात. तुमचे सहायक ॲप या कारणाने अडले, तर प्ले प्रोटेक्ट बंद करण्याआधी त्या ॲपला हा अधिकार का हवा आहे ते विकासकाच्या पानावर वाचा. केवळ सेटिंग्ज वाचणाऱ्या ॲपला एसएमएसशी काहीही कर्तव्य नसते. तसा अधिकार मागणारी फाइल खरी नाही असेच समजावे.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीचा किंवा नोटिफिकेशन वाचनाचा पर्याय धूसर दिसतो. तो एकदा दाबून पाहावा, नकाराची चौकट बंद करावी, आणि मग ॲपच्या माहितीच्या पानावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत मर्यादित सेटिंग्जना परवानगी द्या हा पर्याय निवडावा. आधी नकार मिळाल्याशिवाय तो पर्याय बहुधा दिसत नाही, त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

परवानगी देताना येणारा नकार

लिहिण्याचीही गरज असेल तर “एडीबी शेल पीएम ग्रँट”, मग पॅकेजचे नाव, आणि मग “अँड्रॉइड.परमिशन.राइट_सिक्युअर_सेटिंग्ज” अशी आज्ञा द्यायची असते, ज्यात शेवटचे तीन शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवेत. यशस्वी झाल्यास काहीच उत्तर येत नाही, आणि ते ठीक आहे. शाओमी, रेडमी आणि पोकोच्या फोनवर मात्र सिक्युरिटी एक्सेप्शन येते, कारण तिथे यूएसबी डीबगिंगखाली सुरक्षा सेटिंग्जसह डीबगिंगचा वेगळा पर्याय आहे आणि तो स्वतंत्रपणे सुरू करावा लागतो. ओपो, रिअलमी आणि वनप्लसच्या फोनवर डेव्हलपर पर्यायांत अगदी खाली परवानगीवरील देखरेख बंद करण्याचा पर्याय असतो. तो सुरू करून आज्ञा पुन्हा द्यावी.

परवानगी एकदा मिळाली की यूएसबी डीबगिंग बंद केले तरी ती टिकते. हे मुद्दाम सांगतो, कारण भारतातली बरीच बँकिंग ॲप डीबगिंग किंवा डेव्हलपर पर्याय सुरू दिसले की उघडायलाच नकार देतात, आणि मग लोक यूपीआय चालावे म्हणून सहायक ॲप काढून टाकतात. तशी गरज नाही. काम झाल्यावर डेव्हलपर पर्याय बंद करा. सहायक ॲप चालू राहील. शिझुकूवर अवलंबून असलेल्यांना मात्र ही सोय नाही.

दोन ॲपमधला दुवा

इथे तीन गोष्टी पाहाव्यात. सहायक ॲप टाकल्यावर ते एकदा तरी उघडले पाहिजे. न उघडलेले किंवा फोर्स स्टॉप केलेले ॲप अँड्रॉइडच्या दृष्टीने थांबलेल्या अवस्थेत असते आणि त्याला फोन सुरू झाल्याची सूचनाही मिळत नाही. डंपसिसच्या उत्तरात “स्टॉप्ड” यापुढे “ट्रू” दिसले तर हेच झाले आहे. दुसरे, मुख्य ॲप एका स्रोतातून आणि सहायक ॲप दुसऱ्या स्रोतातून घेतले असेल तर त्यांच्या डिजिटल सह्या वेगळ्या असू शकतात, आणि सहीवर आधारलेली परवानगी असेल तर दुवा जुळत नाही. तिसरे, दुव्यासाठी एका ॲपने घोषित केलेली परवानगी दुसऱ्याने मागितलेली असते, आणि मागणारे ॲप आधी टाकले गेले तर ती मिळायची राहते. मुख्य ॲप आधी आणि सहायक ॲप नंतर हा क्रम लावून सहायक ॲप पुन्हा टाकणे, हा या लेखातला पुन्हा टाकण्याचा एकमेव योग्य प्रसंग आहे.

वाचते, पण लक्ष ठेवत नाही

हाताने विचारले की मूल्य बरोबर येते, पण बदल झाल्यावर ॲप आपणहून जागे होत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त आढळते आणि तिची उकल सर्वांत चिकाटीची आहे. लक्ष ठेवणारे ॲप सेटिंग्ज प्रोव्हायडरकडे एक निरीक्षक नोंदवते. नोंद बदलली की प्रोव्हायडर त्या निरीक्षकाला कळवतो. हा निरीक्षक ॲपच्या चालू प्रक्रियेत राहतो. प्रक्रिया मारली गेली की निरीक्षकही जातो, आणि ॲपचे चिन्ह जागेवर असल्यामुळे वापरणाऱ्याला काही कळत नाही.

आधी निरीक्षक मुळात चालतो का ते स्वच्छ प्रयोगाने पाहा. ॲपमध्ये ग्लोबल तक्त्यातल्या टेस्ट_मॉनिटर या नावाच्या नोंदीवर लक्ष ठेवायला सांगा. अशी नोंद फोनमध्ये नसते, ती आपण बनवणार आहोत. मग “एडीबी शेल सेटिंग्ज पुट ग्लोबल टेस्ट_मॉनिटर १” अशी आज्ञा द्या, आणि थोड्या वेळाने १ च्या जागी २ द्या. इथे आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत. दोन्ही वेळा मूल्य वेगळे असणे आवश्यक आहे, कारण तेच मूल्य त्याच मार्गाने पुन्हा लिहिले तर प्रोव्हायडर बदल झाला असे मानत नाही आणि कोणालाही कळवत नाही. ॲप जागे झाले तर निरीक्षक, दुवा आणि तुमची अट हे तिन्ही ठीक आहेत. प्रयोग संपल्यावर “सेटिंग्ज डिलीट ग्लोबल टेस्ट_मॉनिटर” देऊन ती नोंद पुसून टाका.

हाच प्रयोग पडदा बंद ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा करा. त्याआधी आणि त्यानंतर “एडीबी शेल पिडऑफ” यापुढे पॅकेजचे नाव देऊन प्रक्रियेचा क्रमांक टिपून ठेवा. क्रमांक तोच राहिला आणि ॲप जागे झाले तर सर्व ठीक. क्रमांक बदलला तर प्रक्रिया मधे मारली जाऊन पुन्हा सुरू झाली आहे. उत्तर रिकामे आले तर ती मेलेलीच आहे. केबल जोडलेला फोन चार्ज होत असतो आणि चार्जिंगमध्ये फोन गाढ झोपेत जात नाही, म्हणून ही चाचणीही वायरलेस डीबगिंगवरच घ्यावी. नाहीतर टेबलावर सगळे चालते आणि खिशात काहीच चालत नाही.

प्रक्रिया मरत असेल तर उपाय दोन्ही ॲपसाठी करावेत. केवळ मुख्य ॲपला सूट देऊन सहायक ॲपला विसरणे हे नेहमीचे आहे. बॅटरीच्या पर्यायात अनिर्बंध वापर निवडा. ॲप न वापरल्यास त्याचे काम थांबवा आणि परवानग्या काढा, असा जो पर्याय ॲपच्या माहितीच्या पानावर असतो तो बंद करा, कारण सहायक ॲप आपण कधीच उघडत नाही आणि काही महिन्यांनी अँड्रॉइड त्याला निरुपयोगी ठरवतो. शाओमीच्या फोनवर ऑटोस्टार्ट सुरू करा. सॅमसंगवर कधीही न झोपणाऱ्या ॲपच्या यादीत दोन्ही नावे घाला. ओपो, रिअलमी आणि वनप्लसवर आपोआप सुरू होणे आणि पार्श्वभूमीतील काम या दोन्हींना मुभा द्या. विवोवर पार्श्वभूमीत जास्त वीज वापरण्याची मुभा द्यावी लागते. प्रणालीचे मोठे अद्यतन आल्यावर यांतल्या काही मुभा पुन्हा मूळ स्थितीत जातात, तेव्हा ही यादी अद्यतनानंतर एकदा डोळ्यांखालून घालावी.

ॲपची कायम दिसणारी सूचना त्रासदायक वाटून काहीजण ॲपच्या सेटिंगमधून ती सेवाच बंद करतात. प्रक्रिया जिवंत ठेवण्याचे काम त्या सेवेमुळेच होते. सूचना नजरेआड करायची असेल तर तिचा प्रकार मूक करावा, सेवा बंद करू नये. काही ॲप निरीक्षकाऐवजी ठरावीक वेळाने मूल्य वाचण्याचा पर्याय देतात. तो आधार म्हणून चांगला आहे, पण झोपलेल्या फोनवर एका ॲपला साधारण नऊ मिनिटांतून एकदाच जागे होता येते, त्यामुळे एक मिनिटाचे अंतर लिहून तात्काळ प्रतिसादाची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

फोन पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा लॉक उघडेपर्यंत बहुतेक ॲपचा साठा कुलूपबंद असतो. रात्री अद्यतनानंतर फोन आपोआप सुरू झाला आणि सकाळी सातला लॉक उघडले, तर मधल्या काळातले बदल ॲपला कळलेले नसतात. म्हणून सुरू झाल्यावर एकदा सध्याचे मूल्य वाचण्याची कृती स्वतंत्रपणे जोडावी.

मूल्य परत उलटते

ॲपने लिहिलेले मूल्य काही क्षणांत पूर्ववत होत असेल तर कोणीतरी दुसरे तिथे लिहीत आहे. “एडीबी शेल डंपसिस सेटिंग्ज” या आज्ञेच्या उत्तरात प्रत्येक नोंदीच्या ओळीत तिचे नाव, मूल्य आणि “पीकेजी” यापुढे शेवटचे लिहिणाऱ्या पॅकेजचे नाव असते. आपली ओळ शोधून ते नाव वाचले की बॅटरी व्यवस्थापक, लाँचर किंवा दुसरे स्वयंचलन ॲप यांपैकी कोण आडवे येते आहे हे उघड होते. दोन स्वयंचलन ॲप एकाच नोंदीवर परस्परविरोधी नियम चालवत असतील तर फोन सतत जागा राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून त्यांतला एक नियम काढावाच.

वर्क प्रोफाइल, दुहेरी ॲप किंवा सिक्युअर फोल्डर वापरणाऱ्यांनी सहायक ॲप चुकून त्या दुसऱ्या जागेत तर टाकलेले नाही ना, हे तपासावे. सिस्टिम आणि सिक्युअर तक्ते प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे असल्याने ते ॲप तिथले मूल्य वाचेल आणि तुमच्या नेहमीच्या फोनमधले बदल त्याला दिसणार नाहीत. “एडीबी शेल पीएम लिस्ट युजर्स” यातून किती वापरकर्ते आहेत ते कळते.

अधिकार परत घेणे आणि मदत मागणे

राइट सिक्युअर सेटिंग्ज मिळालेले ॲप तुम्हाला न विचारता ॲक्सेसिबिलिटी सेवा सुरू करू शकते, म्हणजे पडद्यावरचे सारे वाचू शकते. ज्याचा उगम ओळखीचा आहे अशाच ॲपला हा अधिकार द्यावा, आणि प्रयोग फसला तर “ग्रँट”च्या जागी “रिव्होक” लिहून तो लगेच काढून घ्यावा. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर त्यांना न सांगता असे लक्ष ठेवणे हा विश्वासघात आहे. ती व्यक्ती वडीलधारी असली आणि हेतू काळजीचा असला तरी आधी विचारावे.

इतके करूनही उत्तर मिळाले नाही तर विकासकाला लिहावे, आणि पत्रात फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, दोन्ही ॲपच्या आवृत्त्या व ती कोठून घेतली, नोंदीचे नाव आणि तक्ता, एडीबीने दिलेले मूल्य, ॲपला दिसलेले मूल्य आणि लॉगकॅटमधल्या संबंधित ओळी द्याव्यात. सेटिंग्जची संपूर्ण यादी जशीच्या तशी कुठेही पाठवू नये. सिक्युअर तक्त्यात फोनची अँड्रॉइड आयडी आणि ब्लूटूथचा पत्ता असतो, ब्लूटूथच्या नावात बऱ्याचदा मालकाचे नाव असते. त्या ओळी आधी काढून टाकाव्यात आणि हवी तेवढीच ओळ जोडावी.